विश्लेषण : मालवाहू यान पोहोचणार नाही, तिथे अंतराळातले घर कसे चालवायचे?

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे बोइंगच्या स्टारलायनर यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या वैयक्तिक सामानाच्या दोन बॅगा ऐनवेळी उतरवण्यात आल्या. त्या जागी सुमारे ७० किलोचा एक पंप चढवला गेला. स्थानकावर लघवीपासून पिण्यायोग्य पाणी तयार करणाऱ्या यंत्रणेतला पंप बंद पडला होता आणि लघवी साठवून ठेवण्याची वेळ आली होती. आठवडाभराचा म्हणून ठरलेला हा मुक्काम पुढे २८६ दिवसांवर गेला, त्याची जगभर चर्चा झाली. पंपाची गोष्ट मात्र मागे पडली. पण मंगळाच्या वाटेवर माणसाला राहायचे असेल, तर त्याचे घर कसे असावे या प्रश्नाचा गाभा या पंपातच आहे. तो बिघडला तेव्हा नवा पाठवता आला. मंगळाच्या वाटेवर तो पाठवता येणार नाही.

आजचे अंतराळ स्थानक कशाच्या भरवशावर चालते?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरते. मुंबई ते पणजी हे हवाई अंतर जवळपास तेवढेच आहे. २ नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसाचा अखंड वावर आहे. सुमारे ४२० टन वजनाचे हे घर पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालले, याचे मोठे श्रेय वर्षभर ये-जा करणाऱ्या मालवाहू यानांना जाते. अन्न, कपडे, औषधे, सुटे भाग, सगळे खालून जाते.

अडचणीच्या वेळी हा आधार किती मोलाचा ठरतो, हे दोन घटनांतून दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या रशियन सोयुझ यानातून शीतक द्रव गळून गेला. त्यातून माणसे परत आणणे धोक्याचे ठरले असते, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरे सोयुझ रिकामे पाठवण्यात आले. त्यातून परतलेले फ्रँक रुबिओ यांचा मुक्काम ३७१ दिवसांचा झाला. दुसरी घटना वैद्यकीय आहे. एका अंतराळवीराच्या मानेतल्या रक्तवाहिनीत गाठ आढळली. स्थानकावर रक्त पातळ करणारे इंजेक्शन होते, पण साठा मर्यादित होता. तो पुरवून वापरला गेला आणि सुमारे सहा आठवड्यांनी मालवाहू यानातून गोळ्या पोहोचल्या. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०२० मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध केले. याहून गंभीर काही घडलेच, तर सोयुझमधून काही तासांत जमिनीवर उतरता येते.

खालची कक्षा सोडली की काय बदलते?

पृथ्वीच्या खालच्या कक्षेपलीकडे माणसाने केलेला सर्वांत दीर्घ प्रवास म्हणजे डिसेंबर १९७२ मधली ‘अपोलो १७’ मोहीम. ती साडेबारा दिवसांची होती. मंगळाला जाऊन परत यायचे तर साधारण तीन वर्षे लागतील. एका बाजूचा प्रवास सहा ते नऊ महिन्यांचा असतो. पृथ्वी आणि मंगळ यांची सोयीची स्थिती दर २६ महिन्यांनी येते, त्यामुळे मंगळावर पोहोचल्यावर परतीच्या संधीची वाट पाहावी लागते.

चंद्र तुलनेने जवळचा आहे. एप्रिल १९७० मध्ये ‘अपोलो १३’ यानात स्फोट झाला तेव्हा अंतराळवीर साडेतीन दिवसांत घरी परतले. मंगळाच्या वाटेवर अर्ध्यातून माघारी फिरण्याची सोय जवळपास नाही. बोलण्यातही अडथळा येतो. चंद्रापर्यंत संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो, मंगळापर्यंत अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणजे ‘धूर येतोय, काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर पाऊण तासाने मिळू शकते. शिवाय पृथ्वीचे चुंबकीय कवचही मागे राहते. थोडक्यात, खालच्या कक्षेत पृथ्वी गुपचूप जी कामे करते, ती सगळी पुढे घरालाच करावी लागतात.

राहायला जागा किती हवी?

दीर्घ मोहिमेसाठी माणशी किमान २५ घनमीटर वापरण्याजोगी जागा हवी, असे नासाच्या तज्ज्ञगटाने सुचवले आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत साधारण एवढीच जागा असते. मुंबईच्या चाळीत अशा एका खोलीत अख्खे कुटुंब राहते, हे खरे. पण चाळीला गॅलरी असते, जिना असतो, बाहेर रस्ता असतो. इथे त्या खोल्यांच्या बाहेर काहीच नाही. झोप, स्वयंपाक, व्यायाम, स्वच्छतागृह, दवाखाना आणि कार्यशाळा सगळे एकाच आवारात. एक सवलत मात्र मिळते. भारहीन अवस्थेत भिंती आणि छतही वापरता येतात.

अडचण अशी की, धातूचा डबा रॉकेटच्या टोकात मावेल एवढाच मोठा करता येतो. त्यावर फुगवता येणाऱ्या घराचा पर्याय पुढे आला. मजबूत कापडाचे अनेक थर घडी घालून न्यायचे आणि वर गेल्यावर हवा भरायची. नासाने १९९० च्या दशकात ‘ट्रान्सहॅब’ नावाने यावर काम सुरू केले, ते पुढे थांबले. बिगेलो एरोस्पेस कंपनीने ती कल्पना उचलली आणि तिचा १६ घनमीटरचा ‘बीम’ कक्ष मे २०१६ मध्ये अंतराळ स्थानकावर फुगवण्यात आला. दोन वर्षांच्या चाचणीसाठी नेलेला हा कक्ष नंतरही सामान ठेवायला वापरात राहिला. सिएरा स्पेस या कंपनीने तर घराएवढ्या पूर्णाकृती कक्षात हवा भरत तो फुटेपर्यंत ताणून पाहण्याची चाचणी डिसेंबर २०२३ मध्ये केली. तेव्हा जागेचा प्रश्न अवघड असला तरी त्याची वाट दिसते आहे.

किरणोत्सर्गापासून बचाव कसा होणार?

अंतराळ स्थानकाला दुहेरी आडोसा आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बरेच विद्युतभारित कण वळवते आणि पृथ्वीचा गोळाच सुमारे एक तृतीयांश आकाश झाकतो. पुढे हा आडोसा नाही. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हर २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना त्यावरील उपकरणाने यानाच्या आतला किरणोत्सर्ग मोजला. तो दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट होता. पृथ्वीवर निसर्गतः माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. म्हणजे इथल्या नऊ महिन्यांचा वाटा तिथे एका दिवसात. जाण्यायेण्याचे ३६० दिवस धरले तर हा आकडा ६६० मिलिसीव्हर्टवर जातो. नासाने अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसीव्हर्ट ठेवली आहे.

यात दोन वेगळे धोके आहेत. पहिला सौरवादळांचा. ऑगस्ट १९७२ मध्ये मोठे सौरवादळ झाले, ते नेमके ‘अपोलो १६’ आणि ‘अपोलो १७’ या मोहिमांच्या मधल्या काळात. त्या वेळी चंद्रावर कुणी असते तर त्यांना गंभीर त्रास झाला असता. पण असे वादळ काही तास ते काही दिवस टिकते. तेवढा वेळ पाणी, अन्न आणि सामानाच्या पिशव्या चहूबाजूंनी रचून मधल्या छोट्या जागेत बसता येते. नासाच्या ओरायन यानात हीच युक्ती ठरवलेली आहे.

दुसरा धोका दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून येणाऱ्या वैश्विक किरणांचा. तो अखंड असतो आणि हे कण अतिवेगवान असतात. धातूची भिंत थोडी जाड केली, तर तिच्यावर आदळून नवे कण तयार होतात आणि आतला धोका वाढूही शकतो. हायड्रोजन भरपूर असलेले पदार्थ, म्हणजे पाणी किंवा पॉलिथिन, त्यातल्या त्यात बरे. पण पुरेसा जाड थर द्यायचा तर वजन परवडत नाही. म्हणून प्रवासाचे दिवस कमी करणे हाच सध्या सर्वांत खात्रीचा उपाय समजला जातो. एकच गोष्ट दोन कामांना वापरण्याकडे कल आहे तो याचमुळे. प्यायचे पाणी झोपायच्या खोलीच्या भिंतीत ठेवायचे, कचरा तापवून आणि दाबून त्याच्या फरशा करायच्या आणि त्या आडोशाला लावायच्या.

पाणी आणि हवा परत परत वापरता येतात का?

ढोबळ हिशेब करू. स्थानकावर माणशी दिवसाला सुमारे ३.८ लिटर पाणी लागते. चार माणसे, अकराशे दिवस म्हणजे जवळपास १६,७०० लिटर. दहा हजार लिटरचे पावणेदोन टँकर अंतराळात वाहून नेणे शक्य नाही. म्हणून लघवी, घाम आणि श्वासातली वाफ यांपासून पाणी परत मिळवले जाते. पूर्वी ९३ ते ९४ टक्के पाणी परत मिळत असे. २०२३ मध्ये नासाने ९८ टक्क्यांचा टप्पा गाठला. ही चार-पाच टक्के वाढ किरकोळ वाटते, पण याच हिशेबाने तूट सुमारे एक हजार लिटरवरून साडेतीनशे लिटरच्या आत येते.

प्राणवायूची स्थिती तेवढी चांगली नाही. श्वासातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडची हायड्रोजनशी प्रक्रिया करून पाणी मिळवतात आणि त्या पाण्यातून प्राणवायू. पण या प्रक्रियेत तयार होणारा मिथेन बाहेर सोडला जातो. त्याच्यासोबत हायड्रोजनही जातो, त्यामुळे निम्माच प्राणवायू परत मिळतो. अन्नाचे चक्र तर सुरूही झालेले नाही. २०१५ मध्ये अंतराळवीरांनी स्थानकावर पिकवलेली लेट्यूसची पाने खाल्ली, हे मोठे पाऊल होते, पण त्यावर पोट भरत नाही. वेष्टनासह माणशी दिवसाला सुमारे १.८ किलो अन्न धरले, तर चौघांच्या तीन वर्षांसाठी आठ टन न्यावे लागेल. शिवाय साठवणीत काही जीवनसत्त्वे कमी होत जातात.

सगळे चक्र बंद करण्याचा प्रयोग पृथ्वीवर झाला आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंदिस्त संकुलात आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. शेती, झाडे, तळे सगळे आत होते. तरी हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून हळूहळू सुमारे १४ टक्क्यांवर आला आणि १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. मातीतले सूक्ष्मजीव अपेक्षेहून जास्त प्राणवायू वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होते. तिथे बाहेरून प्राणवायू देता आला, हे महत्त्वाचे.

यंत्र बिघडले तर काय?

घर उभारण्याइतकेच ते चालते ठेवणे कठीण आहे, कारण अनेक बिघाड आधी सुचतच नाहीत. स्थानकावरची लघवी शुद्ध करणारी यंत्रणा सुरू झाल्यानंतर काही काळातच चोंदली. कारण शोधले तेव्हा ते अंतराळवीरांच्या हाडांत सापडले. भारहीन अवस्थेत हाडांतले कॅल्शियम झिजून लघवीत उतरते. लघवी टिकवण्यासाठी मिसळलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन जिप्समसारखा खडा तयार होत होता. पुढे आम्ल बदलून फॉस्फोरिक आम्ल वापरले, तेव्हा तोडगा निघाला. जमिनीवरच्या चाचणीत माणसांची हाडे झिजत नव्हती, त्यामुळे तिथे हा दोष दिसणे कठीणच होते.

अशा वेळी दोन गोष्टी कामाला येतात. पहिली म्हणजे भागांचा सारखेपणा. ‘अपोलो १३’ मध्ये एका यानाचे कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे चौकोनी आणि दुसऱ्याचे गोल होते. जीव वाचवण्यासाठी अंतराळवीरांना पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून जोड तयार करावा लागला. नव्या घरात एकच पंप, एकच पंखा, एकच झडप अनेक ठिकाणी बसावी, म्हणजे थोड्या सुट्या भागांत जास्त काम निभावेल. दुसरी गोष्ट म्हणजे दुरुस्तीची सोय. बिघडले की पूर्ण खोके बदलायचे, ही पद्धत स्थानकावर चालते. दूरच्या घरात खोके उघडून आतला छोटा भाग बदलता आला पाहिजे आणि तो शक्य असल्यास तिथेच बनवता आला पाहिजे. २०१४ मध्ये जमिनीवरून पाठवलेल्या आराखड्यावरून स्थानकावर त्रिमितीय छपाईने पाना तयार करण्यात आला, तो याच दिशेचा प्रयत्न होता.

मोठी रॉकेट आल्यावर हा प्रश्न सुटेल, असेही म्हटले जाते. स्पेसएक्सचे स्टारशिप शंभर टनांहून अधिक माल खालच्या कक्षेत नेण्यासाठी आखलेले आहे. त्यामुळे जास्त सुटे भाग नेता येतील, हे खरे. पण कोणता भाग बिघडेल हे आधी कळत नाही आणि सगळ्याच भागांचा साठा करता येत नाही.

कृत्रिम गुरुत्वाकर्षण का निर्माण करत नाहीत?

व्यायामाविना राहिल्यास भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणून अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. काहींच्या डोळ्यांवरही परिणाम होतो. यान गोल फिरवले तर आतल्या माणसांना वजन जाणवेल, ही कल्पना जुनी आहे. पण गणित आडवे येते. मिनिटाला दोन फेऱ्या घेत पृथ्वीइतके वजन जाणवायचे तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. चार फेऱ्यांना ५६ मीटर पुरते, पण वेग वाढला की डोके वळवताच गरगरते. एवढा मोठा फिरता सांगाडा म्हणजे जास्त वजन आणि बिघडू शकणाऱ्या आणखी वस्तू. त्यामुळे सध्याच्या आराखड्यांत व्यायामाची यंत्रेच आहेत आणि त्यांनाही घरात जागा लागते.

मन आणि झोप यांचा विचार होतो का?

होतो, आणि पूर्वीपासून होतो. १९७३ मध्ये सोडलेल्या ‘स्कायलॅब’साठी नासाने प्रसिद्ध औद्योगिक रचनाकार रेमंड लोवी यांचा सल्ला घेतला. खिडकी, एकत्र जेवायची जागा आणि प्रत्येकाला थोडा खासगी कोपरा, यांचा त्यांनी आग्रह धरला. सोव्हिएत याने आणि ‘मीर’ स्थानकाच्या अंतर्भागाची आखणी गालिना बालाशोवा या वास्तुविशारद महिलेने केली. वर-खाली असा भेदच नसलेल्या जागेत मन भांबावू नये, म्हणून जमीन गडद आणि छत फिकट ठेवण्यासारख्या युक्त्या त्यांनी वापरल्या.

पृथ्वीवरच्या चाचण्यांतूनही बरेच कळले आहे. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस बंद कक्षात राहिले. त्यांची हालचाल घटत गेली, काहींच्या झोपेचे वेळापत्रक बिघडले. अमेरिकेत ह्यूस्टन येथे नासाने त्रिमितीय छपाईने उभारलेल्या १,७०० चौरस फुटांच्या घरात चार जणांनी जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस काढले. तिथे संदेशांना मंगळासारखा विलंब मुद्दाम ठेवला होता. अशा प्रयोगांची मर्यादाही स्पष्ट आहे. दाराबाहेर रुग्णालय आहे, हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

भारत या शर्यतीत कुठे आहे?

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे ‘भारतीय अंतराळ स्थानक’ उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पहिल्या कक्षासाठी २०२८ हे लक्ष्य आहे. ते खालच्या कक्षेत असेल, त्यामुळे तिथे माल पाठवता येईल. तीन दिवसांच्या गगनयान मोहिमेत पाणी परत वापरण्याची गरज पडत नाही, लागेल तेवढे सोबत नेता येते. स्थानकावर मात्र ती गरज पडेल आणि हे तंत्र दुसऱ्या देशाकडून आयते मिळण्याची शक्यता कमी. शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर मूग आणि मेथीचे दाणे रुजवण्याचा प्रयोग केला, तो अन्नाच्या चक्राकडे जाणारा छोटा टप्पा होय. जमिनीवर लडाखमध्ये सराव सुरू झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मधील तिथल्या मोहिमेत इस्रोबरोबर आयआयटी मुंबईचा सहभाग होता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्सो कार परिसरात आठ मीटर व्यासाच्या कक्षात दोघांना ठेवून दुसरा प्रयोग झाला.

पुढची कसोटी कोणती?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे वय झाले आहे. ते कक्षेतून खाली आणून समुद्रात पाडण्यासाठीचे यान बनवण्याचे कंत्राट नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिले. पाणी आणि हवेची यंत्रणा वर्षानुवर्षे चालवून तिचे दोष शोधण्यासाठी ही मोठी प्रयोगशाळा होती. तिची जागा घेणारी स्थानके वेळेत आली नाहीत, तर हा अनुभव तुटेल. हाडांतल्या कॅल्शियमने यंत्र चोंदते, हे प्रत्यक्ष वापरातूनच कळले होते.

मंगळाकडे माणूस पाठवण्याच्या तारखा अधूनमधून जाहीर होतात आणि चर्चा रॉकेटभोवती फिरते. वाचकाने विचारावा असा साधा प्रश्न वेगळा आहे. पाणी, हवा आणि औषधांची व्यवस्था खालून एकही खोके न मागवता आजवर सलग किती दिवस चालून दाखवली आहे? तो आकडा अकराशे दिवसांच्या जवळ पोहोचेल, तेव्हा तारखेची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होईल.